चोर किनाऱ्यावर, जप्ती समुद्रात

परवान्यावाचून परकी माणसे आणून किनाऱ्यावर उतरविणारे जहाज सरकारने जप्त करावे, हा विचार ऐकताक्षणी पटण्याजोगा आहे. चोरट्या सोन्याचे गलबत कस्टमवाल्यांनी पकडले की माल सरकारजमा होतो, गलबतही सरकारजमा होते आणि तांडेल गजाआड जातो; ह्यात काही अन्याय झाला असे मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर आजवर कोणी म्हटलेले नाही. मग सोन्याऐवजी माणसे भरली म्हणून न्याय का बदलावा? युरोपातील सरकारे गेली दहा वर्षे हाच प्रश्न विचारीत आहेत आणि भूमध्य समुद्रात जहाजामागून जहाज धक्क्याला बांधून ठेवीत आहेत. प्रश्न बिनतोड वाटतो खरा. परंतु त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात शोधण्यापूर्वी, जप्त झालेल्या जहाजांचे आणि त्यांतील माणसांचे पुढे काय झाले हे पाहिले म्हणजे त्यातील मेख ध्यानात येते.

आमचा पक्ष आम्ही आरंभीच सांगून टाकतो. आपल्या देशात कोणी यावे आणि कोणी येऊ नये हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्यास आहे. तो नाकारणारे लोक बहुधा ज्या देशात बसून तो नाकारतात, त्या देशाच्या सरहद्दीवर कडेकोट पहारा असतो. माणसांच्या असहायतेवर पैसा करणाऱ्या दलालांविषयी आमच्या मनात यत्किंचितही दयामाया नाही. त्यांची जहाजे जप्त करावी, खाती गोठवावी, त्यांना तुरुंगात घालावे. आमची हरकत नाही. आमची तक्रार आहे ती निराळीच. जप्तीचे हे शस्त्र ज्यांच्यासाठी म्हणून उपसले, त्यांना ते क्वचितच लागले आहे.

ह्या शस्त्राचा इतिहास जुना आहे. पॅलेस्टाईनवर ब्रिटिशांचा अंमल होता तेव्हा युरोपातील छळातून सुटलेल्या ज्यू लोकांनी भरलेली जहाजे तेथे चोरून येत, आणि ब्रिटिश आरमार ती वाटेत अडवून हैफा बंदरात नेऊन जप्त करी. मार्च १९४६ मध्ये 'आस्या' नावाचे असेच एक जहाज, सातशेहून अधिक माणसे घेऊन, किनाऱ्यापासून सुमारे शंभर मैलांवर एका ब्रिटिश विनाशिकेने हेरले. जहाजावर कोणताच ध्वज नव्हता. विनाशिका जवळ येताच तुर्की ध्वज चढला, तो उतरून थोड्याच वेळात झिओनिस्ट ध्वज चढला. जहाजाचे कागदपत्र तर कोणालाच दाखविता येईनात. जहाज सरकारजमा झाले तेव्हा त्याच्या मालकाने थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत धाव घेतली. खुल्या समुद्रावर ब्रिटिशांना आपले जहाज अडविण्याचा अधिकारच काय, हा त्याचा सवाल. १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की खुल्या समुद्राचे स्वातंत्र्य हे कोणत्या तरी राष्ट्राच्या ध्वजाखाली चालणाऱ्या जहाजासाठी आहे. ज्या जहाजास ध्वज नाही, त्यास संरक्षणही नाही. जप्ती कायम झाली. आजही समुद्राच्या कायद्याचे विद्यार्थी हा निकाल पाठ करतात.

कायद्याचा असा संपूर्ण विजय झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅलेस्टाईनवरील ब्रिटिश सत्ताच संपुष्टात आली! हैफा बंदरात ओळीने बांधून ठेवलेल्या त्या जप्त जहाजांपैकी काही बाहेर काढून डागडुजी करण्यात आली, आणि तीच नव्या इस्रायली आरमाराची पहिली लढाऊ जहाजे ठरली. त्या भूमीतील अरब रहिवाशांची बाजू निराळी होती, वजनदार होती, आणि तिचा निकाल आजही लागलेला नाही; तो ह्या लेखाचा विषय नव्हे. आमच्या मुद्द्यापुरते एवढेच की जप्तीमुळे माणसे येण्याची थांबली नाहीत. पन्नास हजारांहून अधिक लोकांना सायप्रस बेटावर तारांच्या कुंपणात ठेवावे लागले, तरीही पुढचे जहाज येतच राहिले. आणि जे जहाज जप्तही झाले नाही आणि ज्याला कोणी थाराही दिला नाही, त्याचे काय झाले? रुमानियातून निघालेले 'स्ट्रुमा' हे जहाज इंजिन निकामी झाल्याने इस्तंबूलच्या बंदरात अडकले होते. ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनचे परवाने दिले नाहीत, तुर्कांनी माणसे उतरू दिली नाहीत, आणि अखेर ते बंद इंजिनाचे जहाज दोरखंडाने ओढून काळ्या समुद्रात सोडून देण्यात आले. २४ फेब्रुवारी १९४२ रोजी एका सोव्हिएट पाणबुडीने त्याच्यावर टॉर्पेडो टाकला. सुमारे आठशे माणसांपैकी एकच जगला.

आता आजच्या भूमध्य समुद्राकडे वळू. ३ ऑक्टोबर २०१३ रोजी इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ एक नौका बुडून ३६८ माणसे मेली. तेव्हा इटलीने आपले आरमार लोकांना वाचविण्यासाठी समुद्रात पाठविले, आणि एका वर्षात सुमारे दीड लाख माणसांना जीवदान दिले. ही गोष्ट इटलीच्या नावे सुवर्णाक्षरांनी नोंदविण्याजोगी आहे, आणि पुढे आम्ही इटलीविषयी जे कठोर लिहिणार आहोत ते वाचताना वाचकांनी ती विसरू नये. महिन्याकाठी सुमारे ९० लाख युरो खर्च येत होता, आणि युरोपातील इतर श्रीमंत राष्ट्रांनी शाबासकीपलीकडे फारसे काही दिले नाही. वर्षभराने, ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस, इटलीने ही मोहीम गुंडाळली.

त्यानंतर खऱ्याखुऱ्या तस्करांच्या जहाजांचा एक चमत्कारिक नमुना दृष्टीस पडला. मोडीत काढण्याच्या लायकीची जुनी मालवाहू जहाजे स्वस्तात विकत घ्यावयाची, त्यांत माणशी हजारो डॉलर घेऊन शेकडो सिरियन निर्वासित कोंबावयाचे, आणि इटलीचा किनारा दृष्टिपथात येण्याच्या सुमारास सुकाणू यंत्राच्या स्वाधीन करून खलाशांनी पसार व्हावयाचे. ३१ डिसेंबर २०१४ रोजी 'ब्लू स्काय एम' हे जहाज सुमारे आठशे माणसांसह असे सापडले. दोनच दिवसांनी 'एझादीन' नावाचे, एरवी गुरेढोरे वाहणारे जहाज साडेतीनशेहून अधिक माणसांसह निर्नायकी अवस्थेत तरंगताना मिळाले. ही जहाजे पकडली हे योग्यच झाले. पण तस्कराने जहाज टाकून दिले, ते टाकूनच देण्याच्या हिशेबाने घेतले होते. भाडे अगोदरच वसूल झाले होते आणि जहाजाची किंमत त्या भाड्यात धरलेली होती. जो माल चोरानेच फेकून दिला तो सरकारने जप्त केला, तर चोराचे काय गेले?

युरोपीय संघाच्या धुरीणांना हा हिशेब समजावयास हवा होता. एप्रिल २०१५ मध्ये एकाच अपघातात सुमारे आठशे माणसे बुडाली, तेव्हा त्यांनी ठरविले की तस्करांच्या नौका शोधून जप्त करावयाच्या आणि नष्ट करावयाच्या. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ऑक्टोबर २०१५ मध्ये ठराव करून लिबियाच्या किनाऱ्याबाहेर खुल्या समुद्रावर अशा नौका ताब्यात घेण्यास संमती दिली. मोहिमेला नाव दिले 'सोफिया'. एका जर्मन युद्धनौकेवर जन्मलेल्या निर्वासित मुलीचे ते नाव. पाचशेहून अधिक नौका ह्या मोहिमेत निकामी करण्यात आल्या. परिणाम काय झाला हे ब्रिटिश उमराव सभेच्या एका समितीने जुलै २०१७ मध्ये लिहून ठेवले आहे. लाकडी नौका जाळल्या जाऊ लागल्या तेव्हा तस्करांनी त्याहून स्वस्त अशा रबरी होड्या आणल्या. धंदा थांबला नाही, नौका मात्र अधिक तकलादू झाल्या. लाकडी नौकेत बसून इटलीपर्यंत पोहोचण्याची थोडीफार तरी आशा होती. ह्या रबरी होड्यांनी किनाराच काय, कित्येकदा दुसरा दिवसही पाहू नये अशी त्यांची बनावट. २०१६ साली इटलीत १ लाख ८१ हजार माणसे पोहोचली आणि भूमध्य समुद्रात पाच हजारांहून अधिक मेली. पुढे वाचविलेल्या माणसांना कोठे उतरवावे ह्यावरून भांडण जुंपले आणि मार्च २०१९ मध्ये 'सोफिया' मोहिमेतील जहाजेच काढून घेण्यात आली. उरली फक्त टेहळणीची विमाने. जहाजांवाचूनची आरमारी मोहीम हा युरोपच्या मुत्सद्देगिरीतील नवा शोध म्हणावयास हवा.

तस्कर लिबियाच्या किनाऱ्यावर बसलेला. तेथे हात पोहोचत नाही. त्याची नौका फाटून समुद्राच्या तळाशी गेलेली. ती जप्त करण्यात अर्थ नाही. मग जप्त करावे तरी काय? आम्ही पूर्वी शाळेत शिकवीत असू तेव्हाची एक गोष्ट ह्या ठिकाणी आठवते. मधल्या सुटीत वर्गाची काच फोडणारा मुलगा पळून गेला, की आमचे एक सहकारी काचा गोळा करणाऱ्या मुलाला पुढे बोलावीत. कारण तो हजर असे. 'चोर सोडून संन्याशाला सूळ' ही म्हण वर्गात समजावून देताना मग आम्हांस निराळे उदाहरण शोधावे लागत नसे.

इटलीत संन्यासी हजर होते. सरकारी मोहीम थांबल्यावर युरोपातील काही सेवाभावी संस्थांनी वर्गण्या गोळा केल्या, जुनी जहाजे घेतली आणि बुडत्यांना वाचविण्यास त्या समुद्रात गेल्या. बर्लिनमधील काही तरुणांनी 'युव्हेंटा' नावाचे जुने मासेमारी जहाज घेऊन जुलै २०१६ पासून हे काम आरंभिले. संस्थेच्या सांगण्याप्रमाणे वर्षभरात १४ हजार माणसांना त्यांनी वाचविले. २ ऑगस्ट २०१७ रोजी हे जहाज लांपेदूसाच्या बंदरात बोलावून घेण्यात आले आणि त्रापानीच्या सरकारी वकिलांच्या अर्जावरून जप्त झाले. आरोप असा की हे लोक तस्करांशी संधान बांधून होते. रिकाम्या होड्या त्यांनी तस्करांना परत जाऊ दिल्या. जहाजावरील संभाषणे चोरून ऐकण्यात आली होती आणि दुसऱ्या संस्थेच्या जहाजावर वेषांतर केलेला पोलीस ठेवण्यात आला होता. मार्च २०२१ मध्ये एकूण २१ व्यक्तींवर आरोप ठेवण्यात आले. शिक्षा वीस वर्षांपर्यंत होऊ शकत होती. मे २०२२ मध्ये प्राथमिक सुनावणी सुरू झाली. ती जवळजवळ दोन वर्षे चालली. आणि तिच्या अखेरीस खुद्द सरकारी वकिलांनीच उभे राहून सांगितले की खटला पुढे चालविण्यात अर्थ नाही! १९ एप्रिल २०२४ रोजी न्यायाधीशांनी सर्वांना मुक्त केले. कारण, असा कोणताही गुन्हा घडलेलाच नव्हता.

आता हिशेब मांडा. आरोपी निर्दोष सुटले, परंतु जहाज सुटले काय? जवळजवळ सात वर्षे धक्क्याला बांधलेले ते जहाज गंजून आणि लुटून निकामी झाले. आरोपीला निर्दोष धरून चालावे हा फौजदारी न्यायाचा पहिला पाठ. परंतु जहाजाला तो लागू नाही. माणसाला शिक्षा पुराव्यानंतर होते, जहाजाला पुराव्यापूर्वीच होते. शिवाय, जप्तीचा हेतू ते जहाज समुद्रात जाऊ नये एवढाच असेल, तर खटला हरला तरी हेतू साधतोच. हा प्रकार पहिला नव्हे. २००४ साली 'काप अनामूर' ह्या जर्मन जहाजाने ३७ आफ्रिकी माणसे समुद्रातून उचलली. अनेक दिवस बंदराबाहेर ताटकळल्यावर ते सिसिलीत शिरले तेव्हा जहाज जप्त झाले आणि कप्तानासह तिघांना अटक झाली. ऑक्टोबर २००९ मध्ये सारे निर्दोष सुटले. पाच वर्षे त्यात गेली.

ह्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वाचविणारी जहाजे दिसली म्हणूनच माणसे समुद्रात उतरतात. मदत हेच आमिष होते. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. रबरी होडीत इंधन कमी भरावयाचे आणि पुढे कोणी तरी उचलील असे सांगावयाचे, हा तस्करांचा डाव होताच. परंतु इटलीच्या आरमाराची मोहीम चालू असताना, २०१४ मध्ये, सुमारे १ लाख ७० हजार माणसे आली. ती बंद झाल्यावर, २०१५ मध्ये, दीड लाखाहून अधिक आली आणि २०१६ मध्ये पुन्हा संख्या वाढली. सिरियातील युद्ध, एरिट्रियातील सक्तीची लष्करी चाकरी आणि लिबियातील कोंडवाडे ह्यांचे ढकलणे त्या आमिषाच्या ओढीहून मोठे होते, असेच हे आकडे सांगतात. २०१४ पासून आजवर ह्या एका समुद्रात ३० हजारांहून अधिक माणसे मेली अथवा बेपत्ता झाली. आमिषाला इतके महाग मोल कोणी देत नाही.

इटलीची दुसरी तक्रार मात्र आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. माणूस प्रथम ज्या देशात पाऊल ठेवील त्या देशाने त्याचा भार वाहावा, असा युरोपचा नियम वर्षानुवर्षे होता. जर्मन संस्थेने नेदरलंड्सच्या ध्वजाखाली माणसे वाचवावी आणि ती उतरवावी मात्र सिसिलीत. आणि वर बर्लिनने रोमला माणुसकीचे धडे द्यावे! समुद्रकिनारा असणे हा गुन्हा नव्हे. ह्या रागातूनच इटलीत कडक कायद्यांचा पाऊस पडला. जून २०१९ मध्ये 'सी-वॉच ३' ची तरुण जर्मन कप्तान परवानगीवाचून लांपेदूसाच्या बंदरात शिरली आणि तिला अटक झाली. तीनच दिवसांनी न्यायाधीशांनी तिला सोडले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ती अटक चूक ठरविली. त्याच वर्षी दंडाची कमाल मर्यादा दहा लाख युरोपर्यंत चढली, पुढच्या वर्षी सरकार बदलल्यावर उतरली.

२०२३ चा कायदा अधिक चतुर आहे. तो वाचविण्यास मनाई करीत नाही. एकदा माणसे उचलली की ताबडतोब सरकार सांगेल त्या बंदराकडे निघावे, एवढेच तो सांगतो. अवज्ञा झाली तर ५० हजार युरोपर्यंत दंड आणि वीस दिवस जहाज बंद, पुन्हा घडले तर दोन महिने, त्याहीपुढे जप्ती. आणि सरकार बंदर सांगते ते जवळचे नव्हे. सिसिलीजवळ माणसे उचलावी आणि रॅव्हेन्ना, अँकोना किंवा जिनोआपर्यंत कित्येक दिवसांचा प्रवास करावा. मार्च २०२३ मध्ये 'लुईझ मिशेल' हे जहाज पहिल्या सुटकेनंतर त्रापानीकडे न जाता वाटेत आणखी बुडत्या होड्यांकडे वळले, म्हणून लांपेदूसाला वीस दिवस अडकविण्यात आले. त्या दिवशी त्याने १८० माणसे वाचविली होती. दुसऱ्या होडीची हाक ऐकून न ऐकल्यासारखे केले असते तर ते कायद्याचे पालन ठरले असते. 'जिओ बॅरेंट्स' हे डॉक्टरांच्या संस्थेचे मोठे जहाज. सुमारे १६० दिवस त्याचे अशा बंदीत गेले, आणि अखेर डिसेंबर २०२४ मध्ये संस्थेने ते काम थांबविले. १२ हजारांहून अधिक माणसे त्याने वाचविली होती. जुलै २०२५ मध्ये इटलीच्या घटना न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरविला नाही. परंतु जी आज्ञा पाळल्याने समुद्रावरील जीवरक्षणाचे कर्तव्यच मोडते, ती आज्ञा मोडल्याबद्दल जहाजास शिक्षा करता येणार नाही, असे बजावले. न्यायालयांनी वारंवार कान टोचावे आणि सरकारने ते पुन्हा बुजवावे, असा हा क्रम आहे.

वास्तविक मार्ग सापडण्यास अवघड नाही. २००० सालच्या पालेर्मो येथील आंतरराष्ट्रीय करारात तस्करीची व्याख्या करताना 'आर्थिक अथवा अन्य भौतिक लाभासाठी' हे शब्द हेतुपुरस्सर घातले आहेत. युरोपीय संघाने मात्र २००२ च्या आपल्या निर्देशात देशात शिरण्यास साह्य करण्याच्या गुन्ह्यापुरती ही लाभाची अट ठेवली नाही. सारा घोळ येथून सुरू झाला. पैसा घेणारा आणि हात देणारा एकाच कलमात आले. आणि हात देणारा सापडावयास सोपा. एवढेच नव्हे, तर ज्या निर्वासिताच्या हाती तस्कराने बळेच सुकाणू दिले, तोही तस्कर ठरू लागला. २०२१ मध्ये ग्रीसमधील एका न्यायालयाने एका सोमाली तरुणास त्यासाठी १४६ वर्षांची शिक्षा ठोठावली. २०२३ मध्ये अपिलात ती आठ वर्षांवर आली आणि तो सुटला. ज्यांनी त्याच्याकडून पैसे घेतले ते त्या न्यायालयात कधी आलेच नाहीत.

हे सारे दूरच्या समुद्रात घडत आहे, आपणांस त्याचे काय, असे कोणी म्हणेल. १९१४ साली 'कोमागाटा मारू' हे जहाज ३७६ हिंदी उतारू घेऊन व्हँकुव्हरला गेले होते, हे त्यास आठवत नसावे. दोन महिने बंदरात अडवून, युद्धनौका उभी करून ते परत पाठविण्यात आले, आणि कलकत्त्याजवळ बजबज येथे त्याच उतारूंवर गोळ्या झाडण्यात आल्या. कॅनडाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल २०१६ साली क्षमा मागितली. परंतु इतका मागचाच दाखला कशाला? जगाच्या व्यापारी जहाजांवर आज हिंदी खलाशांची संख्या मोठी आहे, आणि त्यांत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातील घराघरांतली मुले आहेत. २०२० साली 'मर्स्क एटिएन' ह्या डॅनिश तेलवाहू जहाजाने माल्टाच्या सांगण्यावरूनच २७ माणसांना समुद्रातून वर घेतले. माल्टाने त्यांना उतरू दिले नाही, आणि ते जहाज ३८ दिवस समुद्रात खोळंबून राहिले. जहाज एक दिवस खोळंबले तर मालकाचे हजारो डॉलर जातात. अशा दोन-चार बातम्या ऐकल्यावर एखाद्या मालकाने आपल्या कप्तानास 'त्या वाटेने जाऊ नका' असे सुचविले, तर त्यात नवल नाही. आणि ती सूचना पाळावी की समुद्राचा धर्म पाळावा हा पेच पडतो तो पुलावर उभ्या असलेल्या आमच्या मुलास.

आपल्याही देशात २०२५ चा नवा स्थलांतर व परकीय नागरिक कायदा अंमलात आला आहे. कागदपत्रांवाचून परकी माणसे आणणाऱ्या वाहतूकदारास दंड, आणि तो न भरल्यास त्याचे जहाज अथवा विमान अडकवून ठेवण्याचा अधिकार, ही तरतूद त्यात आहे. तिला आमचा विरोध नाही. परंतु पालेर्मोच्या कराराला भारताने २०११ साली मान्यता दिलेली आहे, आणि बुडत्यास वाचविणे हे कप्तानाचे कर्तव्य आहे असे सांगणारा समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदाही आपण स्वीकारला आहे. तेव्हा ह्या कायद्याखालील नियमांत आणि बंदरावरील अंमलदारांस जाणाऱ्या सूचनांत एक गोष्ट निःसंदिग्ध शब्दांत असावयास हवी: संकटात सापडलेल्या माणसास समुद्रातून वर घेऊन कोणी आमच्या बंदरात आले, तर त्यास 'वाहतूकदार' धरू नये, त्याच्याकडे दंड मागू नये, आणि माणसे उतरवून घेतल्यावर त्याच्या जहाजास एक दिवसही अडकवून ठेवू नये. मुंबईतील जहाजवाहतूक महासंचालनालयाने आणि खलाशांच्या संघटनांनी हा आग्रह आताच धरावा. एखादे जहाज न्हावाशेवाच्या धक्क्याला बांधले गेल्यावर धरण्यात अर्थ नाही.